रात्रीतून एकशे नव्व्याण्णव: कुकरच्या रिंगा आणि भाव बदलणारं सॉफ्टवेअर

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका अशिलाचं. माझं काम जीएसटीचे रिटर्न भरण्याचं, पण ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशेब बघता बघता त्यांच्या बाकीच्या भानगडीही कळत जातात. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल अशा खुणा पुसल्या आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

घर पुण्यातलं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला दुकान सांभाळतो. कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरची भांडी, कपलर, गॅसच्या शेगडीचे नॉब असा सगळा सुट्या भागांचा धंदा. धाकटा २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइनकडे वळला. नऱ्ह्यात एक गाळा घेतला, दोन मुलं पॅकिंगला ठेवली. हिशेब वहिनींकडे. वहिनी धाकट्याला 'भावजी' म्हणतात, अहोजाहो करतात, आणि तरी घरात सगळ्यात कडक उलटतपासणी त्याचीच होते. पुढेही मी त्यांना दादा, वहिनी, भावजीच म्हणेन.

२०२४ च्या ऑगस्टपर्यंत एका मोठ्या मार्केटप्लेसवर त्यांची ६४० लिस्टिंग, म्हणजे विकायला लावलेल्या वस्तूंची पानं, होती. महिन्याला १,९०० च्या आसपास ऑर्डर, विक्री ६ लाख १० हजार, आणि सगळं वजा जाता हाती ७४ हजार. बरं चाललं होतं.

अडचण

ब्रँडेड रिंग कोणीही विकली तरी रिंग तीच. त्यामुळे एकाच लिस्टिंगवर आठ-दहा विक्रेते उभे असतात आणि गिऱ्हाइकाने बटण दाबलं की ऑर्डर त्यांच्यातल्या एकालाच जाते. ती जागा म्हणजे 'बाय बॉक्स'. ती कोणाला मिळणार हे भावावर ठरतं, पण नुसत्या भावावर नाही. माल किती लवकर पोचतो, मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवलाय की तुमच्या, खात्याची तब्येत कशी आहे, हेही बघितलं जातं. भाव सोडून बाकीच्या या गोष्टी भावजींना ऐकून माहीत होत्या, पण पटलेल्या नव्हत्या. त्यांच्या डोक्यात समीकरण एकच: सगळ्यात स्वस्त तो जिंकला.

रोज रात्री जेवण झालं की नऊ ते अकरा ते मोबाइल घेऊन बसायचे. एकेक लिस्टिंग उघडायची, समोरच्याचा भाव बघायचा, आपला एक रुपयाने खाली घ्यायचा. ६४० पैकी साठ-सत्तर होईपर्यंत डोळे मिटायला लागायचे. सकाळी बघावं तर समोरचा पुन्हा एक रुपया खाली. 'हा माणूस झोपतो कधी?' असं ते एकदा मला म्हणाले. तो झोपत होता. त्याच्याकडे सॉफ्टवेअर होतं.

पुढ्यातले पर्याय

त्यांनी चार वाटा मांडल्या होत्या. वहीच्या एका पानावर, वहिनींच्या अक्षरात.

पहिली: आहे तसंच हाताने चालू ठेवायचं, फक्त जास्त खपणाऱ्या मालापुरतं.

दुसरी: मार्केटप्लेसचं स्वतःचं फुकट साधन वापरायचं. ॲमेझॉनकडे 'ऑटोमेट प्रायसिंग' आहे, तशी सोय. नियम साधे: बाय बॉक्सच्या भावाला बरोबरी कर किंवा इतक्या रुपयांनी खाली रहा, अमुक किमतीच्या खाली जाऊ नकोस, तमुकच्या वर जाऊ नकोस.

तिसरी: एक परदेशी सॉफ्टवेअर, महिन्याला ९९ डॉलर. म्हणजे तेव्हाच्या भावाने ८,३०० रुपये, वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. परदेशातून सेवा घेतली की १८ टक्के जीएसटी आपणच रिव्हर्स चार्जने भरायचा असतो. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण आधी खिशातून जातो. हे त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. दर काही मिनिटांनी भाव बदलणारं, नियमांचे भरपूर प्रकार असलेलं, दिसायला देखणं.

चौथी: एक देशी कंपनी, विक्रीच्या १ टक्का घेणारी, 'एआय भाव ठरवतं' असं सांगणारी. हिच्यावर वहिनींनी जे बोट ठेवलं ते मला अजून आवडतं. त्या म्हणाल्या, 'भावजी, ह्यांना पैसे विक्रीवर मिळणार, आपल्याला नफ्यावर. मग हे विक्री वाढवतील की नफा?' त्या पर्यायावर तिथेच काट मारली गेली.

दुसरी आणि तिसरी उरली. फुकटच्या साधनात 'मार्केटप्लेस आपल्याला भाव पाडायला लावणार' असा भावजींचा संशय. तिसऱ्याचा डेमो त्यांनी बघितला होता. हिरवे आलेख, 'बाय बॉक्समधला वाटा ३१ वरून ७८ टक्के', आणि १४ दिवस फुकट. तिसरं ठरलं.

इथे थांबतो, कारण पहिला चुकलेला निर्णय हाच. सॉफ्टवेअर वाईट होतं असं नाही. निवड सॉफ्टवेअर काय काय करतं यावर झाली. आपण त्याला काय देणार आहोत हा प्रश्न त्या पानावर नव्हताच. असल्या कुठल्याही साधनाला प्रत्येक वस्तूमागे एक आकडा लागतो: याच्याखाली जायचं नाही. ६४० वस्तूंचे ६४० आकडे. ते कोणाकडे होते? कोणाकडेच नाही.

तळभाव कसा निघाला

साइन-अप करताना पडद्यावर 'किमान किंमत' विचारली गेली. भावजींनी एक्सेलमध्ये एक सूत्र घातलं: खरेदी अधिक ६० टक्के. 'साठ टक्के म्हणजे भरपूर झालं की.' दादांनी मान डोलावली. दुकानात गल्ल्यावर बसून विकणाऱ्याला साठ टक्के खरोखरच भरपूर वाटतात.

आता एकच वस्तू हातात घेऊ. दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह असा संच. खरेदी १०५ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून बिलावर १२४. त्यावर साठ टक्के म्हणजे १९८. तळभाव पडला १९९.

नेहमीचा भाव होता २९९. त्या भावात काय उरायचं ते बघा. २९९ मधला जीएसटी सरकारचा, तो बाजूला काढला की २५३. त्यातून १० टक्के कमिशन ३०, ठरावीक शुल्क १२, पोचवणावळ ५८. उरले १५३. खरेदी १०५ (जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून बिनकराची), खोका-टेप-लेबल ७. उरले ४१. शंभरातले आठ संच परत यायचे आणि प्रत्येक परतीला ९० च्या आसपास खड्डा, म्हणजे ऑर्डरमागे ७. उरले ३४. जाहिरातीचे ९ काढले की हातात २५.

आता हेच १९९ वर. कर काढून १६८ रुपये ६४ पैसे. कमिशन २०, शुल्क १२, पोचवणावळ ५८. उरले ७९ च्या आत. खरेदीच १०५ ची. पॅकिंग आणि परती धरल्या की ऑर्डरमागे ४० रुपये तोटा, आणि यात जाहिरात अजून धरलेली नाही.

'साठ टक्क्यांवर' विकून चाळीस रुपये तोटा. पोचवणावळ आणि ठरावीक शुल्क मिळून ७० रुपये भावाबरोबर खाली येत नाहीत, हे साठ टक्क्यांच्या सूत्राला कळत नाही. हजाराच्या वस्तूला ते सूत्र कदाचित चाललं असतं. दोनशे-तीनशेच्या मालाला ते विष आहे. या संचाचा खरा तळ जाहिरात सोडून २५४ होता, जाहिरात धरून २६६.

एक गंमत: भावजींच्या शीटमध्ये टीसीएस आणि टीडीएस, म्हणजे मार्केटप्लेस आपल्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरतं ते कर, मात्र खर्च म्हणून वजा केलेले होते. तो खर्च नाहीच. टीसीएस (१० जुलै २०२४ पासून तो १ वरून ०.५ टक्के झाला) जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये येतो. तेव्हाच्या कलम १९४-ओ चा टीडीएस (१ ऑक्टोबर २०२४ पासून १ वरून ०.१ टक्के) प्राप्तिकराच्या विवरणात धरता येतो. जो खर्च नव्हता तो मोजला, जो होता तो सोडला.

ती रात्र आणि तो महिना

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऐन गणपतीच्या तोंडावर, ६४० च्या ६४० लिस्टिंग एकदम चालू केल्या. हा दुसरा निर्णय. १४ दिवस फुकट आहेत तर सगळंच लावू, असा विचार.

बदलांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये राहते, म्हणून त्या संचाची पहिली रात्र नंतर मिनिटामिनिटाने बघता आली. रात्री ११:४० ला २९९. समोरच्याचा २९८, आपला २९७, त्याचा २९६, आपला २९५. मधे एकही माणूस नाही. दोन यंत्रं एकमेकांना एकेक रुपया खाली ढकलत राहिली आणि पहाटे चारच्या सुमारास आपलं यंत्र १९९ वर येऊन थांबलं, कारण त्याखाली जायला आपण मनाई केली होती. समोरच्याचं २०० वर थांबलं.

सकाळी ४१ ऑर्डर. एरवी दिवसाला सहा-सात. भावजींनी पॅकिंगच्या पोरांना वडापाव आणला.

महिनाभर असंच चाललं. डॅशबोर्डवर सगळं हिरवं. सप्टेंबरअखेर ऑर्डर ३,१५०, विक्री ८ लाख ४० हजार. रिंगा संपल्या म्हणून दादांनी उधारीवर माल उचलला. मग सेटलमेंटचे पैसे बँकेत आले आणि वहिनींनी भावजींना हाक मारली. खरेदी, पॅकिंग, परती सगळं मांडल्यावर महिना उणे ११ हजारांवर बंद होत होता. त्या एवढंच म्हणाल्या, 'भावजी, आपण एवढं विकलं कोणासाठी?'

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट उघडी पडली, आणि ती तोट्यापेक्षा जास्त धोक्याची होती. भाव जसा खाली जातो तसा वरही जातो. समोरच्यांचा माल संपला की सॉफ्टवेअर आपला भाव कमाल मर्यादेकडे चढवतं. मिक्सरच्या एका भांड्याची एमआरपी नव्या बॅचवर ३९९ होती, म्हणून सिस्टममध्ये ३९९ भरलेली. नऱ्ह्याच्या गाळ्यात मात्र जुन्या बॅचचे तीस-चाळीस खोके, ३४५ छापलेले. सॉफ्टवेअरने भाव ३७९ केला, पोरांनी समोरचा जुना खोका पाठवला, आणि गिऱ्हाइकाने ३४५ च्या शिक्क्याचा फोटो काढून तक्रार टाकली. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. 'सॉफ्टवेअरने केलं' ही सबब तिथे चालत नाही. पैसे परत केले, माफी मागितली, प्रकरण मिटलं. कमाल किंमत म्हणजे सिस्टममधली एमआरपी नाही, गाळ्यातल्या सगळ्यात जुन्या खोक्यावरची एमआरपी. ही गोष्ट मला स्वतःलाही तेव्हाच उमगली.

वरची मर्यादा न घालण्याचं टोक २०११ साली अमेरिकेत दिसलं होतं. माशीच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाचे दोन विक्रेते. एकाचं यंत्र दुसऱ्याच्या किंचित खाली रहायचं, दुसऱ्याचं पहिल्याच्या सव्वापट वर. चढत चढत भाव २ कोटी ३६ लाख डॉलरांच्या वर गेला. खालचं टोक १२ डिसेंबर २०१४ चं. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि ब्रिटनच्या ॲमेझॉनवर तासभर कित्येक छोट्या विक्रेत्यांचा माल एका पेनीला विकला गेला. म्हणून किमान किंमत फक्त सॉफ्टवेअरमध्ये भरून चालत नाही. मार्केटप्लेसच्या पॅनेलमध्ये किमान किमतीचा स्वतंत्र रकाना असतो, तिथेही भरायची. दोन कुलपं.

चहाला बोलवायचं का?

सॉफ्टवेअर सगळीकडे बंद केल्यावर वाटेत असलेल्या तोट्याच्या ऑर्डर रद्द करायच्या का, हा पहिला प्रश्न आला. भावजींना करायच्या होत्या. पण विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डर खात्याच्या तब्येतीत मोजल्या जातात. ॲमेझॉनवर ही मर्यादा अडीच टक्के आहे, त्यांच्या मार्केटप्लेसवरही मोजमाप होतंच. दिवाळीच्या तोंडावर खातं बंद पडण्यापेक्षा चाळीस रुपये सोसणं स्वस्त होतं. सगळ्या पाठवल्या.

दुसरा प्रश्न नाजूक होता. घाऊक व्यापाऱ्याकडे माल घ्यायला दादा रांगेत उभे असताना पुढचा माणूस शेजारच्याला सांगत होता, 'ऑनलाइनला कोणीतरी बावळट रिंगचा सेट एकशे नव्व्याण्णवला देतोय. त्याच्या नादात आमचं पण वाटोळं.' दादा गप्प राहिले. समोरचा विक्रेता दोन गल्ल्या सोडून होता! आणि त्याच्या लेखी बावळट आपण.

घरी येऊन दादा म्हणाले, 'ओळखीचाच आहे. चहाला बोलावतो. दोघांनी दोनशे ऐंशीच्या खाली जायचं नाही असं ठरवून टाकू.' पेठेतल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही, हे मी समजू शकतो. तरी मी हात जोडून नको म्हटलं. एकाच मालाच्या दोन विक्रेत्यांनी भाव ठरवून घेणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये बसतं, आणि ते चहावर ठरलं की सॉफ्टवेअरमध्ये घातलं याने फरक पडत नाही. पोस्टर विकणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांनी भाव बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला 'एकमेकांना कापू नकोस' असं शिकवलं, म्हणून अमेरिकेत २०१५ मध्ये फौजदारी खटला झाला, आणि ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये तशाच प्रकरणात १ लाख ६३ हजार पौंडांहून जास्त दंड बसला. दादांना पौंड ऐकून हसू आलं. पण चहा राहिला.

मग काय केलं

वहिनींनी नवीन शीट केलं. सूत्र टक्क्याचं नाही, वजाबाकीचं: कर, कमिशन, शुल्क, पोचवणावळ, पॅकिंग, त्या वस्तूच्या स्वतःच्या परती. परतीचा रकाना वस्तूनिहाय ठेवायचा आग्रह त्यांचाच, आणि तो बरोबर निघाला. रिंगा परत येतात त्या 'माप चुकलं' म्हणून, नॉब जवळजवळ येतच नाहीत. एका वस्तूला ५ मिनिटं धरली तरी ६४० ला पन्नास तासांच्या वर. दिवाळी गेली त्यात. सणाच्या सेलमध्ये त्यांनी जवळपास सगळं हातानेच चालवलं आणि काही मोठे दिवस हुकले. भावजींना ते अजून बोचतं.

शीट झाल्यावर आपोआप लक्षात आलं की ३४० लिस्टिंगचा खरा तळ बाजारभावाच्या वर होता. त्यात भाव बदलण्यासारखं काही नव्हतंच. त्या बंद केल्या. २१० लिस्टिंग मार्केटप्लेसच्या फुकटच्या साधनावर टाकल्या, ९० हाताने. ९९ डॉलरचं सॉफ्टवेअर सोडलं. त्याच्या नियमांतले नव्वद टक्के त्यांना लागणारच नव्हते.

टाकायच्या आधी मात्र एक प्रयोग केला, जो खरं तर ऑगस्टमध्येच व्हायला हवा होता. मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवलेल्या बारा वस्तूंचा भाव सगळ्यात स्वस्त विक्रेत्यापेक्षा १० रुपये वर ठेवला आणि दोन आठवडे बघितलं. बारापैकी नऊ वस्तूंवर बाय बॉक्स बहुतेक वेळ त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे रोज रात्री एकेक रुपया कापणारे भावजी त्या नऊ वस्तूंवर स्वतःशीच स्पर्धा करत होते. त्यावर नियम ठरला: स्वस्ताईत पहिला नाही, बाय बॉक्सच्या भावाशी बरोबरी, आणि ज्याचा माल पोचायला आठवडा लागतो त्याला मोजायचंच नाही.

२०२५ च्या जानेवारीत विक्री ५ लाख ७० हजार, ऑर्डर १,६८०, हाती ८१ हजार. ऑगस्टपेक्षा विक्री कमी, खोके कमी, पैसे थोडे जास्त.

आज करायचं तर

माझ्या मते सॉफ्टवेअर निवडणं ही या कामातली शेवटची पायरी होती आणि ती पहिली झाली. चाळीस वस्तूंचे तळ हाताने काढले असते तर तिथेच कळलं असतं की किती वस्तू या शर्यतीत उतरवायच्याच नाहीत. फुकटचे १४ दिवस त्या चाळीसवर घालवायचे, तेही गणपती-दिवाळीत नाही, श्रावणात किंवा पितृपक्षात, जेव्हा चूक स्वस्त पडते. आणि रोज सकाळी ऑर्डरींचा आकडा बघायचा नाही. किती वस्तू तळाला टेकल्या आहेत तो बघायचा. पहिल्याच सकाळी ४१ ऑर्डरऐवजी '१८० वस्तू किमान भावावर' हे कोणी वाचलं असतं तर वडापाव आला नसता.

भावजींचं मत वेगळं आहे, आणि ते सगळं चूक नाही. ते म्हणतात, तळ बरोबर असते तर ते महागडं सॉफ्टवेअरच सरस ठरलं असतं, कारण फुकटचं साधन फक्त त्याच मार्केटप्लेसचे भाव बघतं आणि आता त्यांचा माल दोन मार्केटप्लेसवर आहे.

एक काम मात्र कुठल्याही साधनाने टळत नाही. शुल्काचे टप्पे बदलत राहतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने १३५ प्रकारांतल्या ३०० रुपयांच्या आतल्या मालावरचं कमिशन शून्य केलं, तशी चाल कोणीही करू शकतं. वहिनींच्या शीटमध्ये तो टप्पा घालून बघितला. २९९ ला जेवढं सुटतं तेवढं सुटायला तीनशेच्या वर गेल्यावर ३३९ ला विकावं लागतं. म्हणजे ३०१ ते ३३८ हा मेलेला पट्टा, आणि भाव एकेक रुपयाने वर नेणारं यंत्र त्यात खुशाल जाऊन बसेल. वहिनींनी शीटमध्ये शुल्काच्या टप्प्यांचा एक लाल रकाना वाढवला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला भावजी तो भरतात, आणि भरल्याशिवाय त्यांना पॅनेलचा पासवर्ड मिळत नाही.